काढून टाकलं तर काय बिघडेल? घरच्या कॉकटेलच्या गार्निशच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

ताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, चाळिसावा वाढदिवस १८ मेला येतोय, शनिवारी. नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या मळ्यावर करायचं ठरलं. माणसं अठ्ठावीस. जेवण आचाऱ्याकडे, पेयं माझ्याकडे. आचाऱ्याला पैसे मिळणार, मला सल्ले.

पेयं अशी: जिन-टॉनिक, ओल्ड फॅशन्ड (व्हिस्कीचं), मार्गारिटा (टकीलाचं), भावोजींच्या हट्टाखातर गिब्सन (जिनचं), नाशिकचीच स्पार्कलिंग वाइन आणि न पिणाऱ्यांसाठी कैरीचं पन्हं. प्रमाणं कुठेही मिळतात. माझं घोडं अडलंय गार्निशपाशी, म्हणजे पेयात किंवा ग्लासाच्या कडेला वरून जे लावतात त्यापाशी.

त्याला कारण ३१ डिसेंबर. त्या रात्री मी प्रत्येक ग्लासात कागदी छत्री, डब्यातली लालभडक चेरी आणि संत्र्याची जाडजूड फोड खोचली होती. सासूबाई शेजारी बसून लिंबूसरबत पीत होत्या. त्यांच्याही ग्लासाला मी छत्री लावली होती. त्यांनी ती काढली, नीट मिटली, ताटलीत ठेवली आणि विचारलं, "अगं, हे काढून टाकलं तर काय बिघडेल?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि मी पोटापाण्यासाठी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. पार्ट ड्रॉइंगला बसतो की नाही, एवढंच दिवसभर बघते. तर या कामाचा निकष सासूबाईंचाच प्रश्न.

चाचणी: एकच पेय दोन ग्लासांत, एकात गार्निश. नवऱ्याच्या डोळ्यांवर ओढणी. तीनपैकी तीन वेळा ओळखलं तर पास. बजेट २,००० रुपये, दारू सोडून.

१० मार्च, रविवार

साल. कृतींमध्ये ज्याला लेमन म्हणतात ते पिवळं, जाड सालीचं फळ. आपलं कागदी लिंबू नावाप्रमाणेच कागदी. पीलर जरा दाबला की पांढरं येतं, अजून दाबला की थेट रस. पहिली सहा लिंबं सासूबाईंनी लोणच्यात वळती केली.

सालीच्या बाहेरच्या रंगीत थरात तेलाचे बारीक फुगे असतात. वास त्या तेलाचा, त्यातलं मुख्य द्रव्य लिमोनीन. आतला पांढरा भाग नुसता कडू. संध्याकाळी दिवे घालवून पेटत्या काडीसमोर संत्र्याची साल दुमडली तर फटाक्यातल्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. म्हणजे साल दाबली की किती तेल बाहेर पडतं ते डोळ्यांनी दिसलं. मुलाने पाच संत्री संपवली. फळं नव्हे, सालं.

मग पद्धत बसली. लिंबाची पट्टी काढायचा नाद सोडला, धारदार सुरीने आठ आण्याच्या नाण्याएवढी चकती काढायची. संत्र्याचं सोपं आहे, नागपुरी संत्र्याची साल हातानेच सुटते आणि पांढरं फार नसतं. कात्रीने पट्टी कापायची. रंगीत बाजू ग्लासाकडे करून दोन्ही अंगठ्यांत धरून दुमडायची, पेयावर तेलाची साय दिसते. तीच साल ग्लासाच्या कडेवरून एकदा फिरवायची.

ओल्ड फॅशन्डवर संत्रं: तीनपैकी तीन. जिन-टॉनिकवर लिंबाची चकती: तीनपैकी तीन. नवरा म्हणाला, "अगं, ग्लास तोंडाजवळ आणायच्या आधीच कळतंय." मला तेच हवं होतं. जिभेला गोड-आंबट-कडू-खारट अशा मोजक्याच चवी कळतात, बाकीचं बहुतेक नाक करतं.

संत्री मृग बहाराची आहेत, मे महिन्यात मिळतील याची खात्री नाही. पर्याय मोसंबी. साल हिरवी, वास जरा सौम्य, पण पास.

१७ मार्च, रविवार

द्राक्षं. नाशिकच्या पार्टीत द्राक्ष नसलं तर लोक आहेरासारखं लक्षात ठेवतील. पण हंगाम उतरतीला लागलाय, मेपर्यंत टिकवायची तर गोठवूनच. दिंडोरी रोडवरून दोन किलो शरद सीडलेस आणली, काळी, लांबट. घड तोडताना मणी ओढायचा नाही, कात्रीने देठाचा छोटा तुकडा ठेवून कापायचा. ओढला की भोक पडतं आणि गोठताना रस बाहेर येऊन सगळे मणी एकमेकांना चिकटतात. हे पहिला अर्धा किलो दगड झाल्यावर कळलं.

फवारणीचा अंश असतो म्हणून मिठाच्या पाण्यात ठेवून तीनदा धुतली, पंचावर कोरडी केली, ताटात सुटी पसरून फ्रीझरमध्ये, दुसऱ्या दिवशी पिशवीत. वाइनमध्ये तीन-चार मणी टाकले तर गारवा राहतो आणि वाइन पातळ होत नाही. व्हिस्कीत मात्र बर्फाची बरोबरी होत नाही, आणि ओल्ड फॅशन्डला थोडं पाणी सुटावंच लागतं. वाइनपुरतं पास.

(पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारणारच, म्हणून लिहून ठेवते: वाइनची द्राक्षं ही नव्हेत. शेनिन, शिराझ वगैरे मणी छोटे, बियांचे, जाड सालीचे. खायला बसलात तर थुंकण्यातच वेळ जातो.)

उरलेल्या स्पार्कलिंग वाइनमध्ये मुलाने एक मनुका टाकली. ती बुडली. सुरकुत्यांमध्ये बुडबुडे जमले, वर आली, वर बुडबुडे फुटले, पुन्हा खाली. आम्ही तिघं दहा मिनिटं ग्लासाकडे बघत बसलो. ओढणी बांधून चाचणी घेतली तर साफ नापास. तरी नोंद ठेवते.

३० मार्च, शनिवार

रंगपंचमी. काम शून्य. नवरा तिवंध्याच्या रहाडीत (रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात) उडी मारून आला, बाथरूमची फरशी अजून पिवळी आहे.

७ एप्रिल, रविवार

सगळ्या बारमध्ये हल्ली संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या दिसतात. काचेसारख्या पारदर्शक, कडेला अडकवलेल्या. एका डब्याचे पैसे बघून डबा होता तिथे ठेवला. एप्रिलमधलं नाशिकचं ऊन आणि घरात सासूबाई असताना वाळवण कशाला विकत आणू?

गच्चीवर त्यांच्या कुरडया होत्या. मी शेजारी प्लास्टिकवर चकत्या मांडल्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी प्लास्टिकवर रसाची थारोळी, त्यात मुंग्या, आणि मी चकत्या उलटायला गेले तर गर प्लास्टिकला आणि साल माझ्या हातात.

मग बोलल्या. "एक तर जाड कापल्यास. दुसरं, खालून वारा नको का? आणि उलटायची घाई कशाला? ज्याचं त्याला सुटू द्यावं."

दुसरी खेप त्यांच्या हुकमाप्रमाणे: तीन मिलिमीटर जाडी (व्हर्निअरने मोजली, हसू नये), बाजेवर ताणून बांधलेलं मलमल, वरून दुसरं मलमल. रात्री घरात. पहिला दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी चकत्या स्वतःच कापडावरून सुटल्या, मग उलटल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी वाजल्या, पापडासारख्या. ओव्हनमध्ये ९० अंशांवर पाच तास ठेवलेल्या चकत्या रंगाने उजव्या निघाल्या, उन्हातल्या जरा तपकिरी. पण उन्हाचं बिल येत नाही.

९ एप्रिल, मंगळवार (लिहिते १०ला)

पाडवा. गुढी उतरवताना साखरेची गाठी हातात आली आणि डोक्यात किडा वळवळला. शॅम्पेन कॉकटेलमध्ये साखरेच्या खड्यावर बिटर्सचे, म्हणजे कडवट मसालेदार अर्काचे, थेंब टाकून तो ग्लासाच्या तळाशी ठेवतात, त्याच्यावरून बुडबुड्यांची सर वर चढत राहते. गाठीचं पदक नेमकं त्या मापाचं.

सासूबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गुढीची गाठी त्यात घालायची नाही." विषय संपला. दुसऱ्या दिवशी इथल्या रविवार कारंजा चौकात उरलेल्या गाठ्या स्वस्तात लावल्या होत्या, त्यातली पांढरी एक आणली. ही कुठल्याच गुढीची नाही.

पदक फोडून सुपारीएवढा तुकडा, त्यावर अंगोस्तुराचे तीन थेंब. या बिटर्सचं नाव व्हेनेझुएलातल्या एका गावावरून पडलं, आता त्या गावाचं नाव स्यूदाद बोलिव्हार आहे आणि बाटली त्रिनिदादहून येते. थेंब पडले की पांढऱ्या साखरेवर हळदीकुंकवाच्या मधला रंग पसरतो. गाठी सावकाश विरघळते, त्यामुळे ग्लास संपत आला तरी बुडबुडे चालूच. शेवटचा घोट गोड. तीनपैकी तीन, आणि हा प्रकार मला सगळ्यात आवडलाय.

१४ एप्रिल, रविवार

चकत्यांची चाचणी. तीनपैकी एक, तोही अंदाजपंचे.

तीन दिवस बाज, दोन मलमलं, एक व्हर्निअर, आणि निकाल नापास. कारण सरळ आहे, वाळताना पाण्याबरोबर तेलही उडतं. उरतं ते रूप. वीस चकत्या बरणीत घालून झाकण लावलं, बरणीवर लाल स्टिकर चिकटवला. फेकवेना. कावळ्यांपासून राखण सासूबाईंनी केली होती.

२१ एप्रिल, रविवार

मार्गारिटाची मिठाची कड. आधी नाशिकी डोकं चालवलं: मीठ कशाला, काळा मसाला लावू. मिसळीच्या गावात शोभून दिसेल! मसाल्यात भाजलेलं खोबरं, तळलेले कांदे, म्हणजे तेल. कडेला गुठळ्या चिकटल्या, गुठळ्या आत पडल्या, पेयावर तवंग आला. नवऱ्याने घोट घेतला आणि त्याला असा ठसका लागला की खालच्या मजल्यावरच्या काकू पाणी घेऊन वर आल्या. ग्लास दोनदा घासूनही वास जाईना. रिजेक्ट, रीवर्क शक्य नाही.

मग शिस्तीत. बारीक आयोडीनचं मीठ नको, ते चिकटून एकसारखा थर होतो आणि तोंड खारट करतं. खडे मीठ खलबत्त्यात कुटून चाळलं, मधल्या आकाराचं तेवढं घेतलं. लिंबाची फोड फक्त बाहेरच्या बाजूने, अर्ध्याच कडेला फिरवली. आत लागलेलं मीठ पेयात पडतं, आणि पूर्ण कडेला लावलं तर बिनमिठाचा घोट हवा असणाऱ्याने जायचं कुठे? ग्लास आडवा धरून मिठात लोळवला, उलटा करून टिचकी मारली.

तेव्हा लाल स्टिकरची बरणी नजरेस पडली. चार चकत्या मिक्सरला फिरवल्या. भांड्याचं झाकण उघडलं आणि संत्र्याचा जो वास आला, तो अख्ख्या चकतीला कधीच आला नव्हता. थोडासा होता, पण पुडीत एकवटला. दोन भाग मीठ, एक भाग ही पूड, चिमूट लाल तिखट. तीनपैकी तीन. आमच्या कारखान्यात अशा मालाला, म्हणजे ड्रॉइंगला बसत नाही तरी चालवून घेतलेल्याला, डेव्हिएशनवर पास म्हणतात.

२४ एप्रिल, बुधवार

भावोजी शिक्षक आहेत, त्यांना निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश आला. नाशिकचं मतदान २० मेला. म्हणजे १८च्या संध्याकाळपासून ड्राय डे, आणि १९ला ते पेट्या घेऊन केंद्रावर. तारखा १६ मार्चलाच जाहीर झाल्या होत्या, आमच्यापैकी एकानेही कॅलेंडरशी ताडून बघितलं नाही. वाढदिवस आता २५ मेला.

२८ एप्रिल, रविवार

त्र्यंबक रोडला बायका पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्यात. चार द्रोण घेतले.

यामागची कथा: ३१ डिसेंबरचा चेरीचा डबा सहज उलटून वाचला, तर घटकांत पहिलं नाव करोंदा. बी काढून, रंगवून, पाकात मुरवलेलं करवंद! केकवरची, पानातली आपली चेरी बहुतेक वेळा हेच असते. खरी मारास्किनो चेरी म्हणजे क्रोएशियातल्या दालमेशियाकडची आंबट मारास्का चेरी, त्याच फळाच्या मद्यात मुरवलेली. मग मी करवंद करवंदासारखंच का मुरवू नये? रंग त्याला देवानेच दिलाय.

पूर्ण काळी करवंदं मुलासाठी ठेवली, ती पाकात फुटतात. घेतली ती लालसर, घट्ट, आंबट. देठ खुडला की पांढरा चीक येतो, बोटं चिकटतात, साबणाने जात नाही, खोबरेल लावावं लागतं. प्रत्येकाला सुईने चार टोचे. रात्रभर मिठाच्या पाण्यात. सकाळी पाण्यावर चिकाचा चिवट पापुद्रा आला होता, तो टाकला. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात. ४०० ग्रॅम साखर, ४०० मिली पाणी, दालचिनीचा एक तुकडा असा पाक. पूर्ण गार झाल्यावर त्यात पाकाच्या निम्मी ब्रँडी. गरम पाकात ओतली असती तर मद्यार्क हवेत आणि स्वयंपाकघरभर वास, म्हणजे सासूबाईंना स्पष्टीकरण. बरणी फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला. वाढदिवस आठवडाभर लांबला ते या बरणीला मानवलं.

५ मे, रविवार

कालच कांद्याची निर्यातबंदी उठली. डिसेंबरपासून लागलेली होती. कारखान्यातले निफाड-चांदवडकडचे सगळे आज फोनवर भाव बोलताहेत, आणि मी त्याच कांद्याचं एका ग्लासात काय करायचं याच्या विवंचनेत.

जिनच्या मार्टिनीत ऑलिव्हऐवजी मुरवलेला छोटा कांदा टाकला की तिचं नाव गिब्सन होतं. गार्निश बदललं की पेयाचं नाव बदलतं, असं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. कांदा मात्र करवंदाएवढा हवा. लासलगावच्या भाषेत बारीक कांदा म्हणजे गोल्टी, त्याहून बारीक ती चिंगळी. बाजारात चिंगळी मागितली तर विक्रेत्याने वरपासून खालपर्यंत बघितलं, "ताई, ती कोणी विकत नेतं का?" आणि ओंजळभर फुकट दिली. चार पाकळ्या सोलून टाकल्या की आत नेमका मोती निघतो. सोललेल्या पाकळ्यांचं पिठलं झालं.

पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म, मीठ, साखर, चार मिरे. उकळी आणून कांद्यावर ओतलं. लाल कांद्याने पाणी गुलाबी झालं, परदेशी बाटलीतला पांढराशुभ्र दिसतो तसा नाही. तीनपैकी तीन. ओढणीची गरजच नव्हती.

१२ मे, रविवार

फुलं. फुलबाजारातली नकोत, ती पूजेसाठी आणि हारांसाठी पिकवतात, खाण्यासाठी नाही, फवारणी त्याच हिशेबाने होते. कुंपणावरची गोकर्ण घेतली. बर्फात निळी, लिंबू किंवा टॉनिक लागलं की जांभळी. चव, वास काही नाही, ओढणी बांधल्यावर निळं काय नि जांभळं काय. पोरांच्या सरबतासाठी मंजूर.

नवऱ्याने मदत म्हणून कॉलनीच्या बागेतून सुंदर गुलाबी फुलं आणली आणि एक माझ्या ग्लासातही सोडलं. कण्हेर. पानापासून मुळापर्यंत विषारी. ग्लास ओतून दिला, त्याला हात धुवायला लावले, फुलं कचऱ्यात. यापुढे ओळख पटल्याशिवाय कोणतंही फूल घरात ग्लासाजवळ येणार नाही, हे फ्रीजवर लिहून लावलंय.

पुदिना: चुरायचा नाही, चुरला की गवतासारखा कडवट रस सुटतो. शेंडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी, बास. आणि खोचायचा तो पिणाऱ्याच्या नाकाच्या बाजूला. पलीकडे खोचलेला पुदिना शेजाऱ्याला वास देतो.

२५ मे, शनिवार (लिहिते २६ला सकाळी)

सकाळी दहापर्यंत: लिंबाच्या चकत्या चाळीस, ओल्या पंचात गुंडाळून डब्यात. मोसंबीच्या पट्ट्या वीस (संत्री मिळाली नाहीतच). मीठ-पूड एक वाटी. गाठीचे तुकडे तीस. पुदिना पाण्यात उभा.

पुदिना दुपारीच माना टाकून बसला. गाडीत अर्धा तास उन्हात राहिला होता. बर्फाच्या पाण्यात बुडवला, वीस मिनिटांत बराचसा उठला. बर्फ नऊ वाजता संपला, ती माझी चूक, गार्निशच्या नादात बर्फाचा हिशेब अठ्ठावीस माणसांऐवजी अठ्ठावीस ग्लासांचा केला. गोठवलेली द्राक्षं तिथे कामी आली.

भावोजींचा पुतण्या बावीसचा, मार्गारिटा मागायला आला. आपल्याकडे वाइनला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं लागतात हे मी त्याला सांगितलं, तोंड पाडून गाठीवाली वाइन घेऊन गेला आणि दहा मिनिटांत मित्राला घेऊन परत आला. ताईंनी गिब्सनचा कांदा खाऊन ग्लास भावोजींना दिला. भावोजींनी तीन कांदे मागून घेतले.

उरलेल्या सोळा चकत्या मी पन्ह्याच्या ग्लासांना लावल्या होत्या. रात्रभर फोटो निघाले ते त्याच ग्लासांचे. नापास माल सगळ्यात जास्त खपला, आता कोणत्या रजिस्टरला लिहू? सासूबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आमच्या गच्चीवर वाळवलंय."

आज सकाळी परत आलेली ग्लासं तपासली. ओल्ड फॅशन्डच्या बावीस ग्लासांपैकी एकाही तळाशी करवंद नव्हतं, फक्त बिया. लिंबाच्या चकत्या जवळपास सगळ्या तशाच पडून, पण त्यांचं काम पहिल्या मिनिटालाच झालेलं असतं. बजेट: १,६४० रुपये, त्यात ब्रँडी धरली नाही.

रात्री बरणी फ्रीजमध्ये ठेवताना मोजली होती, चौदा करवंदं उरलेली. आत्ता अकरा आहेत. नवरा आणि मुलगा अजून झोपलेत. सासूबाईंची पूजा झाली आहे, त्या गच्चीत पेपर वाचताहेत. ओट्यावर, नीट पुसून ठेवलेल्या चमच्याशेजारी, तीन बिया.